आधी सुया

वस्तीत डोळे तपासायला आलेल्या नर्सबाईंनी दुकानातच शिंपीकाकांच्या डोळ्यात टॉर्च मारला आणि बाहुलीवरचा दुधी पडदा पाहून त्यांचा हात जागीच थांबला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही पिकलेला. आणि दोन मिनिटांपूर्वी हाच माणूस बाही शिवत होता! बोट कापडाच्या कडेवरून पुढे सरकत होतं आणि मागून येणारी टीप पट्टीने आखल्यासारखी सरळ.

“काका, ऑपरेशन फुकट होतं.”

“ऑपरेशन फुकट. पण महिनाभर मशीन बंद, तेव्हा जेवायचं काय?” काकांचा आवाज उतरला. “कागदावर लिहू नका, बाई. आंधळ्या शिंप्याकडे कपडे कोण टाकेल?”

“मग हातशिलाईच्या सुया कोण ओवतं?”

“शेजारीपाजारी! अख्ख्या गल्लीत चष्मा माझा एकट्याचा. ज्याला हवा, त्याने आधी पाच सुया ओवायच्या. फुकट नाही देत मी.” काकांनी ऐटीत चष्मा पुसला.

तेवढ्यात शेजारची भाजीवाली आजी दारात आली.

“भाऊ, चष्मा द्या बरं. औषधाचं पाकीट वाचायचंय.”

“आधी सुया!”

“माहितीये हो. मोठे आले चष्मेवाले!”

आजी पायरीवर टेकली. काकांनी दिलेला चष्मा तिने अलगद मांडीवर ठेवला, पिशवीतून दोऱ्याने बांधलेला स्वतःचा चष्मा काढून नाकावर चढवला आणि भराभर सुया ओवू लागली. काका तिच्याकडेच तोंड करून खुशीत हसत होते.

नर्सबाई बघतच राहिल्या. आजीने ओठांवर बोट ठेवलं.

सुया देऊन झाल्यावर तिने बाईंना कोपऱ्यावर गाठलं. “मघाचं दारातून ऐकलं मी. ऑपरेशनला नाव लिहा त्यांचं. आम्ही चार घरं आहोत, महिनाभराचा डबा निघेल. पण त्यांना दिसत नाही हे आम्हाला माहितीये, ते त्यांना कळू देऊ नका. सुईलासुद्धा हात लावू देणार नाहीत मग.”

कोपऱ्यावर मांडलेल्या आजीच्या टोपलीत भाजीच्या चार जुड्या उरल्या होत्या, त्याही सुकलेल्या. वीस वर्षं नर्सबाई वस्त्या पालथ्या घालत होत्या, पण असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं.

त्या परत फिरल्या.

“काका, ऑपरेशनबरोबर महिन्याचं जेवणही मिळतं. मला आत्ताच कळलं.”

“आणि गल्लीत?”

“कुणाला काही कळणार नाही. चष्मा द्या बरं जरा, फॉर्म भरायचाय.”

काकांनी चष्मा पुढे केला.

“आधी सुया.”

नर्सबाईंनी पायरीवर टेकून चष्मा मांडीवर ठेवला आणि दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं.