परत आलेला पेला

"आला परत," असं म्हणत वेतुरियाबाईंनी मातीचा पेला माझ्या टेबलावर ठेवला. टेबलावर पुस्तक उघडं होतं, त्याच्यावरच ठेवला. दुसऱ्या हातात आजच्या सणाच्या म्हणून चर्चमधून आणलेल्या अक्रोडाच्या डहाळ्या तशाच होत्या. त्या खाली ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"कोण आला?" मी विचारलं. मला पटकन काही कळत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

"त्रायान. दारातून माघारी पाठवला त्याला. बघा तुम्हीच."

मी पेल्यात डोकावलो. आत तांदळाच्या पिठाची तळलेली गोल कडी एकमेकांना टेकवून उभी केली होती. पेल्यात मावावीत म्हणून मुद्दाम लहान केलेली दिसत होती. वास छान येत होता, पण वासाबद्दल बोलायची ती वेळ नव्हे, एवढं मलाही समजलं.

आदल्या दिवशी पितरांचा शनिवार होता. त्या दिवशी आमच्याकडे ज्याच्या घरचं माणूस गेलेलं असतं तो मातीचे कोरे पेले आणतो, वाइनने भरतो, पेल्याच्या कानावर चेरीची जोडी लटकवतो आणि मेणबत्ती आणि कड्याच्या आकाराचा पाव यांच्यासकट शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतो. याला पोमाना म्हणतात. इथे जे ज्याच्या नावाने द्याल ते तिकडे त्याच्या हाती पडतं. घेणाऱ्याने आभार मानायचे नसतात. 'बोग्दाप्रोस्ते' म्हणायचं, म्हणजे देव त्याला क्षमा करो. आणि पेला कायमचा ठेवून घ्यायचा. माझ्या फडताळात असे बरेच पेले आहेत. अर्धा जिना माझ्या फडताळात राहायला आलाय, असं मी कधीकधी म्हणतो, पण मनातल्या मनात.

वेतुरियाबाईंचा नवरा त्रायान ईस्टरच्या आधीच्या उपासांत गेला. त्याच्यासाठी हा पहिलाच शनिवार. बाकी पेले साधे होते, पण एक वेतुरियाबाईंनी खास निवडला होता, कोंबड्याचं चित्र असलेला. तो त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या मनमायाला दिला. ही मनमाया नेपाळातली. पावाच्या कारखान्यात काम करते आणि गावाकडच्या आणखी तिघींबरोबर राहते. खालच्या अग्लायाबाईंनी तेव्हाच नाक मुरडलं होतं.

"तिलाच का दिला?" मी आता विचारलं. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"त्याला आवडायची ती. जिन्यात बसलेला असायचा ना हा, दम खात? ती जाता-येता हात जोडायची. हा टोपी काढायचा. ती खाली जाऊन वर आली की पुन्हा हात, पुन्हा टोपी. एक शब्द कळायचा नाही एकमेकांचा. मी म्हणायची, अरे, किती वेळा? तर म्हणायचा, तुला काय कळतंय, आमच्या गप्पा चालल्यात." वेतुरियाबाई खुर्चीवर बसल्या. "आणि आज मी चर्चमधून येते, तर ही दारात उभी. पेला धुऊन, पुसून, हसतेय. माझ्या हातात दिला आणि पळाली वर. अग्लायाने पाहिलं. म्हणाली, 'परक्याच्या हातात दिलंस ना? आता पीत बसेल तो तिकडे ओंजळीने.'"

"अग्लायाबाई काहीही बोलतात."

"बोलते. पण खोटं कुठे आहे त्यात? परत आलेली पोमाना पुन्हा देता येत नाही. माझ्या आजीने सांगितलंय."

वेतुरियाबाईंनी शहरातल्या नाट्यगृहात तीसेक वर्षं कोट सांभाळले. लोकांनी कोट काढून द्यायचा, पितळी बिल्ला घ्यायचा. खेळ संपला की बिल्ला द्यायचा, कोट घ्यायचा. त्रायान तिथेच पडद्याच्या दोऱ्या ओढायचा. आत काय चाललंय हे वेतुरियाबाईंना फक्त टाळ्यांवरून समजायचं, पण कोटावरून माणूस समजायचा. याच्या खिशाला बायकोचा टाका आहे, याला टाका घालणारं कोणी नाही. एकही कोट चुकीच्या खांद्यावर गेला नाही. ज्याचं त्याला परत देणं हेच त्यांचं काम. आणि आता एक वस्तू परत आली म्हणून त्या डहाळ्यांची पानं एकेक करून तोडत होत्या.

त्यामागचं कारण मला माहीत होतं. दवाखान्यात शेवटी त्रायानचं पाणी बंद केलं होतं. ओठ तेवढे ओले करा, असं परिचारिकेने सांगितलं होतं. वेतुरियाबाई नियम मोडणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी कापूस बुडवून ओठ ओले केले. तो कापूस दातांत धरून चोखायचा आणि तांब्याकडे बघायचा. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, जिन्यात, किल्ली शोधता शोधता.

"तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत," त्या म्हणाल्या. "का परत केला असेल तिने?"

मी जन्मभर वाचनालयात होतो, त्यामुळे लोकांना असं वाटतं. मला तीन-चार कारणं सुचली. त्यांच्यात मृताच्या नावाचं घेत नसतील. वाइनला शिवलेलं भांडं चालत नसेल. मातीचं चालत नसेल. प्रत्येक कारण कुठल्या ना कुठल्या पुस्तकातलं होतं आणि त्यातलं एकही मला त्या हसऱ्या मुलीच्या तोंडी शोभेना.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "विचारू या का तिलाच?"

असं म्हणून तर गेलो, पण अनोळखी दार वाजवणं मला अजून जमत नाही. जिना चढताना मी वाक्यं जुळवत होतो. वेतुरियाबाई पुढे होत्या, पेला छातीशी धरून. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती.

दार मनमायानेच उघडलं. बाकीच्या कामावर गेल्या होत्या. तिचे हात कोपरापर्यंत पिठाचे होते. वेतुरियाबाईंच्या हातात पेला आणि आत कडी तशीच पाहून तिचं हसू मावळलं.

"तांती, आवडलं नाही?" आमच्याकडे मोठ्या बाईला तांती म्हणतात, तेवढं ती पहिल्या आठवड्यातच शिकली होती. बाकीची भाषा ती कारखान्यात शिकली. त्यामुळे तिच्या बोलण्यात निम्मे हुकूम असत. "बसा! लवकर! खबरदार, ते गरम आहे!" असं म्हणून तिने आम्हाला कढईपासून लांबच्या स्टुलांवर बसवलं.

माझी जुळवलेली वाक्यं जिन्यातच सांडली होती. वेतुरियाबाईच बोलल्या.

"पोरी, काय चुकलं माझं? का परत केलास?"

"परत?" तिने पेल्याकडे पाहिलं. "तुमचा पेला. तुम्हालाच ना द्यायचा?"

"नसतो द्यायचा!"

"नसतो?" तिचे डोळे मोठे झाले. "मग ठेवून घ्यायचा? शेजारणीचं भांडं? आमच्या गावात शेजारणीचं भांडं ठेवून घेतलं तर ती अंगणात उभी राहून सगळ्या डोंगराला ऐकवते. माझी आई तर मारते. आणि रिकामं परत केलं तर दोनदा मारते."

"रिकामं का नाही?" मी विचारलं. हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"रिकामं भांडं कसं द्यायचं काका? शेजारणीने भरून दिलं, आपण रिकामं द्यायचं? लाज नाही वाटत? काही नसलं तर चिमूटभर मीठ घालायचं. मी रात्रीच तांदूळ भिजवले. सणाला करतो आम्ही ही. सेल रोटी." ती वेतुरियाबाईंकडे वळली. "तुम्ही पाव दिलेला गोल होता. म्हणून मी पण गोल केलं."

वेतुरियाबाईंनी पेल्यातलं एक कडं काढून उजेडात धरलं. बराच वेळ त्या त्याच्या भोकातून खिडकीकडे पाहत राहिल्या.

"तो पेला नुसता तुला नव्हता," त्या म्हणाल्या. "त्रायानला होता. म्हणजे त्याला दिला, तुझ्या हाताने. तू प्यालीस की तो पितो. तू ठेवलास तर त्याच्याकडे राहतो. तू परत केलास, म्हणजे..."

मनमायाने हात पुसले आणि जमिनीवरच त्यांच्यासमोर बसली. मला वाटलं, ती माफी मागेल. तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"टोपीवाले काका?"

"हो."

"तिकडे त्यांना काय काय लागतं?"

"भांडं लागतं. उजेड लागतो. जेवायला तर लागतंच."

"दात होते त्यांना?"

"वरचे नव्हते," वेतुरियाबाई म्हणाल्या आणि अचानक हसल्या. "तरी चेरी खायचा. बिया खिशात. त्याचा कोट धुवायला काढला की माझं डोकं फिरायचं."

"आमच्याकडे पण देतात," मनमाया म्हणाली. "आमच्या खालच्या घरचे बाहुन, ब्राह्मण ते, पानावर भात वाढतात, गेलेल्या वडिलांचा. कावळा येतो, तो खातो. म्हणजे पोचलं."

"कावळा?"

"हो. कावळा नाही आला तर सगळे घाबरतात. काय राहिलं, काय राहिलं, असं विचारत बसतात."

"आणि तो कावळा पान परत आणून देतो का गं?"

"नाही तांती," मनमाया गंभीरपणे म्हणाली. "कावळा शहाणा."

यावर दोघी हसल्या. मीही हसलो, जरा उशिरा. पण पेला वेतुरियाबाईंच्या मांडीवर तसाच होता आणि हसणं संपल्यावर सगळ्यांचं लक्ष पुन्हा तिकडेच गेलं.

"आता पुन्हा द्या," मनमाया म्हणाली.

"पोमाना दोनदा देता येत नाही. एकदा परत आली की संपलं."

कढईखालचा गॅस तिने बंद केला. मला काहीतरी बोलायला हवं होतं. एखादं शहाणपणाचं वाक्य, एखादा दाखला. आयुष्यभर मी लोकांना हवं ते पान काढून दिलं आणि आज माझ्याजवळ पान नव्हतं.

"तांती," मनमाया सावकाश म्हणाली, "काल तुम्ही दिला, तेव्हा पेला कोणाचा झाला?"

"तुझा."

"मग आज सकाळी मी आणला तो माझाच पेला?"

"तुझाच म्हणायचा."

"म्हणजे मी माझा पेला भरून तुमच्याकडे आणला. शेजारीण आणते तसा."

वेतुरियाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. नाट्यगृहात बिल्ला आणि कोट जुळवून पाहताना त्यांचा चेहरा असाच होत असावा.

"मग मी काही पोमाना परत घेतली नाही," त्या म्हणाल्या. "शेजारणीचं भांडं आलं माझ्या घरी. मी ते तिला द्यायला आले. दोनदा द्यायचा प्रश्नच नाही. ज्याचं त्याला परत."

"हो," मनमाया म्हणाली. मग तिने बोट वर केलं, कारखान्यातल्या मुकादमासारखं. "पण खबरदार! रिकामं नाही!"

वेतुरियाबाईंनी पेल्यातलं एक कडं मला दिलं, एक तिला दिलं, हातातलं स्वतः खाल्लं. उरलेली रुमालात बांधून घेतली. पेला उपडा करून चुरा झटकला. मग त्यांनी स्वयंपाकघरात इकडे तिकडे पाहिलं.

"नळ तिकडे," मनमाया म्हणाली.

"तुझ्याच घरचं तुला कसं भरून देऊ?"

त्या उठल्या. मी आणतो म्हटलं तर हाताने मला बसवलं. मजल्यामागून मजला त्यांची पावलं खाली जाताना ऐकू आली, दाराचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मनमाया आणि मी एकमेकांकडे पाहून हसत बसलो. तिने मला विचारलं, काकांना पडदा ओढायला किती जोर लागायचा? मी म्हणालो, मला माहीत नाही, मी नाटकाला फारसा जात नसे. इतकी वर्षं त्याच्या शेजारी राहून हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

पावलं वर येऊ लागली. प्रत्येक मजल्यावर थांबत, फार हळू. वेतुरियाबाई दारात आल्या तेव्हा दोन्ही हातांनी पेला धरला होता. वाइन असेल असं मला वाटलं होतं. पाणी होतं. काठोकाठ, आणि बाहेरून पेला जवळजवळ कोरडा होता. वर चेरीची जोडी लटकत होती.

"त्रायानसाठी," त्या म्हणाल्या.

मनमाया उठून उभी राहिली. मी तिला हळूच शब्द सांगितला. "बोग्दाप्रोस्ते," ती म्हणाली. एका दमात म्हणता आला नाही, म्हणून दुसऱ्यांदा म्हणाली. पेला दोन्ही हातांत घेतला, मान मागे टाकली आणि पेला तोंडापासून वितीभर वर धरून तिने धार सोडली. तिच्याकडे मानाचं भांडं उष्टं करत नाहीत, हे मला तेव्हा समजलं.

"तसं नको," वेतुरियाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मनमाया थांबली. "ओठ लाव गं. ओठ लावून पी. पोटभर."

मनमायाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने पेला ओठांना लावला आणि डोळे मिटून प्यायला लागली. सकाळपासून कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाची तहान होती ती. घोटागणिक तिचा गळा हलत होता. वेतुरियाबाई त्या गळ्याकडे बघत होत्या आणि त्यांचे स्वतःचे ओठही हलत होते.

मनमायाने पेला खाली घेतला. त्याच्या काठावर ओठांचा ओला ठसा होता.

तो घ्यायला वेतुरियाबाईंचा हात सवयीने पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला, पोटाशी धरला आणि त्याच्यावर दुसरा हात ठेवला.