पानाचा धनी

राहात्यात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या जयमालाताईंना राग चटकन येत नसे. आला की मात्र त्या तो मुरांब्यासारखा मुरवत.

हा राग आणला तुषारनं. दूध संकलन केंद्रांसाठी एक फुकट सॉफ्टवेअर आहे. कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं. पण ते कसं वापरायचं ती माहिती सगळी इंग्रजीत. ती मराठीत लिहायला ताईंनी माणसं जमवली, बहुतेक केंद्रावर काटा सांभाळणाऱ्या बायका. रविवारी क्लास रिकामा. चहा ताईंचा, पोहे आळीपाळीनं. प्रत्येकीनं आपल्याला येतं तेवढंच पान लिहायचं, दुसरीनं ते वाचून तसंतसं करून बघायचं, अडलं की पान परत. 'मधेच वीज गेली तर' हे पान दीपाकडे इतक्यांदा परत आलं, की ती झोपेतही इन्व्हर्टर म्हणते असं तिचा नवरा सांगे.

तुषार मूळचा इथलाच, नोकरीला पुण्यात. तयार पानं इंटरनेटवर चढवायचं काम त्याच्याकडे. ती त्यानं चढवली 'लेखन: तुषार' असं घालून, आणि पुण्याला या सॉफ्टवेअरवाल्यांच्या संमेलनात शाल घेतली. बायका क्लासात बसून मोबाईलवर कार्यक्रम बघत होत्या. एकट्यानं एवढं कसं लिहिलंत, असं मंचावर कुणीतरी विचारलं. तुषार लाजल्यासारखा हसला.

"गावाकडच्या काही बायकांनी टायपिंगला मदत केली."

दीपानं पोह्यांच्या डब्याला झाकण लावलं. पुढच्या रविवारी ती आलीच नाही. ताईंनी फोन केला तर एवढंच म्हणाली, "नाव न्हाई लावलं तर न्हाई. पन टायपिंग म्हनाला, ताई."

नावं परत येतील, आणि त्याच्याच हातानं येतील, असा शब्द ताईंनी तिला दिला.

ताईंना या सॉफ्टवेअरच्या कामाचे नियम पाठ होते. इथं प्रत्येक पानाला धनी असतो. ज्यानं लिहिलं त्याचं नाव आणि फोन पानाखाली, म्हणजे अडलेल्यानं थेट विचारावं. आजवर सगळीकडे क्लासचा नंबर होता. ताईंनी इंटरनेटवर सर्वांना दिसणाऱ्या चर्चेत अदबीनं लिहिलं, की लेखन आपलंच असल्याचं तुषार यांनी जाहीर केलं आहे, तेव्हा धनीही तेच शोभतील. धन्याची संमती लागते. तुषारनं 'मान्य' दाबलं, वर हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

गाई-म्हशी काही साहेबांची झोप बघून दूध देत नाहीत. पहाटेच पाथर्डीकडून आसाराम नावाच्या केंद्रचालकाचा फोन. समोर कॅन घेऊन माणसं खोळंबलेली, आणि दूध गाईचं असून पावती म्हशीची निघते. तुषारनं त्याला पान वाचायला सांगितलं.

"वाचूनच फोन केलाय, सायेब. तुमीच लिवलंय ना? मग सांगा की."

तो उत्तर शोधेपर्यंत अकोल्याचा फोन, मग शेवगावचा. संध्याकाळचं संकलन नेमकं त्याच्या मीटिंगच्या वेळी. थोड्याच दिवसांत त्यानं ताईंना गाठलं.

"ताई, तेवढा माझा नंबर काढा ना."

"मला कसा काढता येईल? धन्यानंच चर्चेत लिहायचं असतं. पान कुणाला द्यायचं, आणि का."

"का म्हणजे?"

"म्हणजे लिहिलंय कुणी ते."

त्यानं आधी 'वेळेअभावी' असं लिहून पाहिलं. ताईंनी त्याखाली भाबडेपणानं विचारलं, की दीपाला तर फक्त टायपिंग येतं ना, मग तिला धनी कसं करायचं? शाल देणारी मंडळी ते वाचत होती. फोन वाजतच होते. अखेर तुषारनं पानागणिक लिहून दिलं, की हे अमकीनं लिहिलं, हे दीपानं लिहिलं, मी फक्त चढवलं.

त्या रविवारी दीपा पोहे घेऊन आली. ताईंकडून तिनं ते सगळं मोठ्यानं वाचून घेतलं, आणि संपल्यावर पुन्हा वाचायला लावलं.

एक पान तेवढं तुषारच्या नावावर राहिलं होतं: 'काट्यावर वजन दिसत नसेल तर'. ते खरोखरच त्याचं होतं. घाईत त्यात त्यानं एकच ओळ लिहिली होती, 'जाणकार व्यक्तीशी संपर्क साधावा', आणि त्याखाली आता त्याचा नंबर होता.

दीपाला दया आली. "ते मी नीट लिवते की, ताई."

"लिही ना," ताई चहा ओतत म्हणाल्या. "सावकाश लिही. दिवाळी होऊ दे."