ठिगळ

"बाकीची पोरं ठिगळ लावलं की आकांत करतात म्हणे. आमची टिकली हूं की चूं करत नाही. हातगुण असतो एकेकाचा!" गिऱ्हाइकाचं माप घेता घेता शिंपीआजोबा ऐकवायचे. गिऱ्हाईकही मुकाट ऐकायचं. गळ्याभोवती टेप असताना वाद कोण घालणार?

टिकली म्हणजे त्यांची नऊ महिन्यांची नात. तिच्या उजव्या डोळ्यात जन्मापासून मोतीबिंदू होता. हे ऐकून आजोबा आधी हसलेच होते. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो, त्यांचा स्वतःचा दोन वर्षांपूर्वी काढला होता. तोंडात दात नाही त्या पोरीला कुठला मोतीबिंदू? पण होता. ती दीड महिन्याची असतानाच ऑपरेशन झालं, बुबुळावर इवलीशी लेन्स बसली आणि रोज चार तास डोळ्यावर चिकटपट्टी लावायची असं ठरलं. त्या पट्टीचं 'ठिगळ' हे बारसं आजोबांनीच केलं. शिंप्याला दुसरं काय सुचणार!

इतके दिवस ठिगळ लेक स्वतःच घरी लावायची. आता तिची रजा संपली आणि टिकली सकाळी आजोबांच्या दुकानात राहू लागली. लेक कामावरून फोन करायची.

"बाबा, ठिगळ लावलं?"

"केव्हाच!"

"रडली?"

"छे! माझ्याकडे कशाला रडेल? मिशी उपटत बसलीय."

लेकीला बरंही वाटायचं आणि जरा झोंबायचंही. तिच्याकडे पोर अर्धा अर्धा तास भोकाड पसरायची.

दहा दिवसांनी तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी टिकलीचा डावा डोळा झाकून उजव्यासमोर लाल चेंडू हलवला. मागच्या खेपेला तिची नजर चेंडूमागे फिरली होती. आज ती बाईंचा हात ढकलून रडायला लागली.

"पट्टी कोण लावतं?" बाईंनी विचारलं.

"मी!" आजोबा छाती काढून म्हणाले.

"लावून दाखवा बरं."

आजोबांनी पट्टी अलगद उजव्या डोळ्यावर बसवली, कडा दाबल्या. एक सुरकुती नाही.

लेकीच्या तोंडचं पाणीच पळालं. "बाबा, त्यावर नाही! चांगल्या डोळ्यावर!"

"चांगल्यावर? अगं, ठिगळ फाटक्या जागी लावतात!"

बाई हसल्या नाहीत. "आजोबा, मोतीबिंदू निघाला, पण त्या डोळ्यानं बघायला मेंदू अजून शिकायचाय. चांगला डोळा उघडा असला की सगळं काम तोच करतो आणि दुसरा आळशी होतो. म्हणून चांगल्याला झाकायचं. शिकायचं वय हेच. पुढे कितीही पट्ट्या लावा, इतकं जमत नाही."

आजोबांनी घाईघाईनं पट्टी सोडवली. "माझ्यामुळे गेला का हो तिचा डोळा?"

"नाही. दहा दिवस गेले. आता एकही घालवू नका."

बाहेर आल्यावर ते लेकीला म्हणाले, "माझ्याकडे नको ठेवूस तिला. एवढं साधं मला विचारता आलं नाही."

"मी तरी कुठे नीट सांगितलं? ठिगळ म्हटलं की झालं! उद्या आणून सोडते. आणि रडली तरी काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ठिगळ डाव्या डोळ्यावर बसलं आणि टिकलीनं दुकान डोक्यावर घेतलं. आजोबांनी मशीन बंद केलं. "काढा हो ते, जीव जाईल पोरीचा," एक गिऱ्हाईक कळवळलं. "तुमच्या पाया पडतो, पण तेवढं सांगू नका," आजोबा म्हणाले, आणि पट्टीकडे जाणारा हात त्यांनी खिशात कोंबला. त्यांचेही डोळे वाहत होते. तिला कडेवर घेऊन ते रिळं दाखवत फिरले, बटणांचा डबा दाखवला. हळूहळू रडं हुंदक्यांवर आलं. टिकलीनं मान वर केली. हात पुढे केला, तो आजोबांच्या कानाला लागला. पुन्हा केला.

फोन वाजला. "बाबा, रडली?"

"रडली! पोटभर रडली!" आजोबा ओरडलेच.

"आणि आता?"

"आता ठेव फोन. बोलता येत नाहीये. मिशी सोडत नाहीये ती."