तातूला मिळालेली माफी

आमच्या मागोमेनी वस्तीत एक गोरा राहतो. बाकीचे गोरे समुद्राच्या बाजूला, उंच भिंतींआड, कुत्री पाळून राहतात. वाउटर मात्र ‘लोकांमध्ये’ राहतो. असं तो स्वतःच सांगतो, आणि सारखं सांगतो. लोकांमध्ये आम्हीही राहतो, पण ते कुणाला सांगावंसं कधी वाटलं नाही. दुसरीकडे कुठे राहणार?

मूळचा हॉलंडचा. सरकारी कचेऱ्यांतल्या माणसांनी आपापल्या कामाची जबाबदारी कशी घ्यावी, हे शिकवायला त्याला कुणीतरी पाठवलंय. माझं शिवणाचं मशीन तो वर राहतो त्याच घराच्या व्हरांड्यात, जिन्याला लागून. दार-एस-सलामच्या कचेऱ्यांत जबाबदारी किती वाढली ते मला ठाऊक नाही. पण हा ऊन चांगलं चढल्यावर बाहेर पडतो आणि उतरायच्या आत परत येतो, एवढं ठाऊक आहे.

त्याला आमच्या कांगाचा सदरा हवा होता. कांगा म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड. त्याच्या काठावर एक ओळ छापलेली असते, बहुधा कुणाला तरी मारलेला टोमणा. यानं पसंत केलेल्या कापडावर सवतीसाठी ओळ होती : माझ्या नवऱ्याचा नाद सोड. मी म्हटलं, "ओळ आत दुमडून घेऊ का, साहेब?" तर म्हणाला, "नको नको, दिसू दे. संस्कृती आहे." दिसू दे तर दिसू दे. बरोबर पाठीवर घेतली मी ती ओळ. तो सदरा घालून तो मंत्रालयात जातो.

भाषा त्याला येते, म्हणजे त्याच्या मते येते. आणि भाषेतला सगळ्यात लाडका शब्द म्हणजे ‘पोले’.

आम्ही पोले किती वेळा म्हणतो त्याला हिशेब नाही. कुणाला ठेच लागली, पोले. डोक्यावर ओझं घेऊन चाललीस, पोले. ताप आला, नवरा मेला, बस चुकली, पोले. म्हणजे : तुझ्यावर वेळ आली बाई, मी बघितलं. एवढंच. वाउटरच्या पुस्तकात त्याचा अर्थ दिला होता ‘मला माफ करा’. त्यामुळे जिन्यावर तो अडखळला आणि मी पोले म्हटलं, की तो हात हलवून सांगायचा, "नाही नाही, बी साउदा, तुमची चूक नाही!" साउदा मी, बी म्हणजे बाई. माझी चूक कशी असेल? मी मशीनवर, पाय त्याचा.

पण तो खूश होता. त्याच्या देशात म्हणे कुणी चूक कबूल करत नाही, इथं सगळा गाव करतो.

एके दिवशी त्याची दुर्बीण गेली. ती घेऊन तो गच्चीवरून पक्षी बघायचा. मागोमेनीत पक्षी म्हणजे कावळे, आणि ते दुर्बिणीशिवाय ताटात येतात. पण वस्तू परदेशी, चांगल्यातली. गेली ती गेलीच. कुणी नेली ते आजवर कळलं नाही. गल्लीत सगळ्यांनी त्याला पोले म्हटलं. तातूनं सगळ्यांपेक्षा जास्त म्हटलं.

तातू त्याचा स्वयंपाक करते. बाई धिप्पाड, आवाज खणखणीत, आणि अश्रू कायम तयार. दुसऱ्याची बकरी मेली तरी छाती पिटणारी. तिनं दोन्ही हातांनी गाल धरून म्हटलं, "पोले, बाबा, पोले सना, फार फार पोले! काय हो झालं हे!"

वाउटर गंभीर झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं अंगणात बैठक बोलावली. खुर्च्या गोल मांडल्या, म्हणजे कुणी वर नाही, कुणी खाली नाही. घरातले सगळे भाडेकरू, कोपऱ्यावरचे म्हातारे दुकानदार म्झे फकिही, मी, शेजारची मवानाइशा. फुकटात खुर्ची मिळते म्हणून आम्ही सगळे गेलो.

तो उभा राहिला आणि म्हणाला, "चूक प्रत्येक माणूस करतो. चूक मान्य करतो तो मोठा. तातूनं मान्य केली. तातू, मी तुम्हाला माफ केलं. दुर्बीण ठेवा. आपण पुढे जाऊ."

आणि टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

तातूला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मी काय मान्य केलं?"

"तुम्ही पोले म्हणालात."

"मग काय म्हणू? तुमची वस्तू गेली!"

"हो, आणि मी माफ केलं."

"अहो, पण मी नेलीच नाही!"

वाउटर समजूतदारपणे हसला. असं हसू फक्त लोकांना शिकवायला आलेल्या माणसाला येतं. "आता घाबरू नका," तो म्हणाला. "झालं ते झालं."

त्यानं हाकलली असती तर बरं झालं असतं. गोऱ्यानं कामावरून काढलं तर गल्ली गोऱ्याला शिव्या घालते. पण माफी? माफ करायला गुन्हा लागतो. आणि आमची गल्लीही काय पुण्यवान म्हणावी! समोर तिला "पोले, तातू" म्हणणाऱ्याच बायका संध्याकाळी नळावर म्हणत होत्या, "काही असल्याशिवाय कुणी माफ करेल का गं?"

गल्लीतल्या लग्नांचे पिलावाचे मोठे हंडे एका खोलीत असतात, आणि त्या खोलीची किल्ली वर्षानुवर्षं तातूकडे. मवानाइशा तिच्या दारात गेली. "किल्ली जरा माझ्याकडे राहू दे. तुलाच कशाला त्रास?"

तातूनं किल्ली काढून दिली. त्या दिवशी मात्र ती रडली नाही, तेव्हा मला कळलं, हे खरं लागलंय.

मी म्हटलं, "काम सोड त्याचं."

"आणि मग? चोरी पचली, पळाली म्हणतील," ती म्हणाली. "त्यानं माफी परत घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

रोज भात वाढताना ती म्हणायची, "साहेब, तुमची माफी परत घ्या." आणि रोज तो म्हणायचा, "तातू, मी मनात काही ठेवलेलं नाही."

मग एका सकाळी फकिहींच्या दुकानाची खाली आलेली फळी वाउटरच्या कपाळाला लागली. म्हाताऱ्यानं सवयीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. वाउटर गेल्यावर फकिही म्हणाले, "नको रे बाबा! पोले म्हणालो तर मलाही माफ करून टाकेल. या वयात कुठे तोंड दाखवू?"

दुकानातले सगळे पोट धरून हसले. पण गोष्ट पसरली. वाउटरला सर्दी झाली, कुणी बोललं नाही. त्याची बस डोळ्यांदेखत सुटली, थांब्यावरची माणसं आभाळ बघत राहिली. भित्रेपणा होता, थोडी मजा होती. तातूची बाजू घ्यावी एवढं धैर्य कुणातच नव्हतं. गप्प बसायला धैर्य लागत नाही म्हणून सगळ्यांना जमलं.

आणि मग भर बाजाराच्या वेळी वाउटर आमच्या दारातल्या गटारात पडला. कावळा बघत चालला होता. पाय घोट्यात मुरगळला. चार माणसांनी त्याला उचलला, माझ्या खुर्चीत बसवला, पाय धुतला, मवानाइशानं बर्फ बांधला, फकिहींनी थंड सोडा आणला. सगळं केलं. शब्द कुणी काढला नाही.

तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. नाक लाल झालं होतं. "तुम्ही माझ्यावर रागावलात का?" त्यानं विचारलं. "कुणी पोले म्हणत नाही."

"म्हणायला काय," मी म्हटलं, "पण गटारात तुम्हाला आम्ही ढकललं नाही."

"ते मला माहीत आहे!"

"आणि मवानाइशाचा नवरा वारला तेव्हा तातू तिच्या दारात आठवडाभर पोले म्हणत बसली होती. तिनं मारला का त्याला?"

"अगं ए!" मवानाइशा ओरडली. "त्याला मधुमेह होता!"

"तेच सांगतेय."

वाउटरनं सोड्याची बाटली घोटाघोटानं संपवली. जबाबदारी शिकवणाऱ्या माणसाला ती स्वतः उचलायला किती वेळ लागतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. तातू जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती, हाताला पीठ.

"म्हणजे थोडा गैरसमज झाला," तो शेवटी म्हणाला. "दोन्ही बाजूंनी."

"माझ्या बाजूनं कुठला?" तातू म्हणाली.

तो लाल झाला. "बरं. माझ्या बाजूनं."

"मोठ्यानं. बैठकीत मोठ्यानं बोलला होतात."

तो एका पायावर उभा राहिला, खुर्चीची पाठ धरून. पाठीवर सवतीला टोमणा, समोर अर्धी गल्ली. "तातूनं काही नेलं नाही. मी तिला माफ केलं ही माझी चूक. माफी परत घेतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मवानाइशा कमरेची गाठ चाचपू लागली. किल्ली काढून तिनं पुढे केली, नजर मात्र बर्फाकडे.

"आधी हंडे घासून दे," तातू म्हणाली. "गेल्या लग्नात तू तळ जाळलास ते अजून तसंच आहे. मग घेईन."

मग तिनं हाताचं पीठ झटकलं आणि वाउटरला सांगितलं, "राजमा शिजलाय. चपात्यांची कणीक मळून ठेवलीय. नारळ तेवढा खवून घाला. मी उद्यापासून येत नाही."

"पण मी तर परत घेतली!" वाउटर म्हणाला. त्याला खरंच काही कळेना. "सगळ्यांसमोर घेतली!"

"म्हणूनच तर," तातू म्हणाली. "आता जाता येतं मला."

ती गेली. तिच्या मागोमाग सगळे पांगले, तमाशा संपला होता. वाउटर लंगडत जिना चढला. थोड्या वेळानं वरून नारळ खवल्याचा आवाज आला, मग कुणीतरी हॉलंडच्या भाषेत काहीतरी कळवळून ओरडलं. मी मशीन सुरू केलं.