दुरुस्तीसह मंजूर

मी अर्ज बोलतोय. एका पानाचा, जाड कागदाचा, पाठीमागे कोरा. माझं वय जेमतेम सात महिने, पण एवढ्यात जे पाहिलं ते एखाद्या पोथीला पुरेल.

निवृत्त शिक्षिकाबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मला लिहिलं. त्यांच्या चर्चच्या लहानशा मंडळीला चार वर्षं स्वतःचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हते. अकरा मंडळ्या सांभाळणारे एक पाळक वर्षातून दोनदा धावतपळत येऊन जात. आणि येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी म्हणजे प्रभुभोजन, त्याची भाकर पाळकांशिवाय कुणी मोडायची नाही, असा नियम. तेव्हा मंडळीच्या वडिलांपैकी एकाला तेवढी परवानगी द्यावी, बस्स, एवढंच माझं मागणं होतं. मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना वडील म्हणतात, बाई असली तरी. शिक्षिकाबाई त्यांतल्याच एक.

शेवटच्या ओळीत त्यांनी सुतारआजोबांबद्दल लिहिलं. चर्चमधलं प्रभुभोजनाचं मेज आजोबांनीच घडवलेलं, पण गेल्या दोन्ही वेळा पाळक आले तेव्हा ते इस्पितळात होते. आता ते घरी अंथरुणाला खिळले होते आणि डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांवर आले होते. ती ओळ लिहिताना बाईंनी दोनदा चष्मा पुसला.

चर्चच्या विभागीय सभेने मला एक क्रमांक दिला आणि देशभरच्या महासभेकडे धाडलं. माझी छाती फुगली. केवढं सभागृह, केवढी माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र! पण सभागृहात मला कोण विचारतो? माझी रवानगी झाली समिती क्रमांक सातमध्ये. बाईही सोबत होत्या, पण मत नसलेल्या पाहुण्या म्हणून.

सुरुवात प्रार्थनेने झाली. खोटं कशाला बोलू, प्रार्थना फार चांगली होती. मग मला चहाच्या आधी घ्यायचं की नंतर, यावर पाऊण तास गेला. शेवटी चहाच थंड झाला, तेव्हा मला घेतलं.

तिथे माझी गाठ पडली दुरुस्तीकाकांशी. हे नाव समितीनेच ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. दोरीला बांधलेला चष्मा, हातात नियमांचं पुस्तक, त्यात रंगीत चिठ्ठ्या. माणूस वाईट मुळीच नाही, मधल्या वेळेत बाईंच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करून त्यांना स्वतःची खुर्ची दिली. पण समोर कागद आला की बिचाऱ्यांना राहवत नाही.

त्यांनी सुचवलं, ‘परवानगी द्यावी’ जरा तडकाफडकी वाटतं, ‘देण्याविषयी विचार व्हावा’ असं करू. दुसऱ्यांनी त्या दुरुस्तीला दुरुस्ती सुचवली, ‘प्रार्थनापूर्वक विचार’. तिसऱ्यांना घाई दिसली, म्हणून विचार कधी करावा याचाही विचार जोडला. मग कुणी म्हणालं, एका माणसाचा उल्लेख राष्ट्रीय ठरावात शोभत नाही. सुतारआजोबांवर रेघ मारली गेली. ती रेघ मला अजून झोंबते.

बाईंना बोलायला दोन मिनिटं दिली. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “एक म्हातारा माणूस वाट बघतोय. बाकी सगळं अर्जात आहे.” आणि खाली बसल्या. वेळ वाचवल्याबद्दल अध्यक्षांनी त्यांचं खास कौतुक केलं.

मग एका प्रेमळ सदस्याने एकाकी मंडळ्यांविषयी महासभेला वाटणारी आस्था ठरावात घालायला सांगितलं. सगळ्यांचे चेहरे उजळले. वाक्य लांबतंय म्हणून मधलं थोडं गाळलं. होकाराची हिरवी कार्डं वर गेली, एकमताने मंजूर, टाळ्या पडल्या, दोघातिघांनी डोळेही टिपले.

बाई मात्र पडद्यावरचा ठराव पुन्हा पुन्हा वाचत होत्या. आस्था होती, आभार होते, प्रार्थना होती. मागणी कुठेच नव्हती. चाळीस शहाण्यासुरत्या माणसांच्या हातून ती गळून पडली होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

त्यांनी हात वर केला. अध्यक्षांनी अगदी मायेने समजावलं की मतदान झालेला विषय पुन्हा उघडायला दोनतृतीयांश मतं लागतात, ती मागणी पाहुण्यांना करता येत नाही आणि जेवणाची रांगही लागलीय. दुरुस्तीकाकांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. घाईघाईने त्यांनी अभ्यासगट सुचवला. मुदत दोन वर्षं. निमंत्रक त्यांनाच केलं.

बाईंनी मला घडी घालून पिशवीत टाकलं आणि घरी आल्या त्या तडक आजोबांच्या खाटेशी.

“बाई, मिळाली का परवानगी?”

“नाही. तुमच्याविषयी आस्था तेवढी एकमताने मंजूर झालीय.”

आजोबा खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, “तुम्हाला वडील कशाला केलंय मग?”

बाईंनी पिशवीतून मला बाहेर काढलं. मग उठल्या, स्टूल ओढलं, वर घालायला कापड सापडेना म्हणून मला पालथं अंथरलं. माझ्या पाठीवर भाकर ठेवली, द्राक्षरसाचा पेला ठेवला. प्रार्थना करून बाईंनी भाकर मोडली आणि आजोबांना दिली. पेला उचलताना आजोबांकडून थोडा रस माझ्यावर सांडला. एवढं सुख मला कुठल्याच सभेत मिळालं नव्हतं.

अकराव्या दिवशी आजोबा गेले.

परवा अभ्यासगटाचं पत्र आलं, मूळ अर्ज नोंदीसाठी पाठवावा. माझ्या पाठीवरचा रसाचा डाग बघून बाईंची लेक हबकली. आई, स्वच्छ प्रत काढून पाठव, नाहीतर तुझं वडीलपण जाईल, असं ती काकुळतीला येऊन सांगत होती. बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग पेन उघडलं, डागाखाली काहीतरी लिहिलं आणि मला पाकिटात घातलं.

आता मी पाकिटात आहे, वर दुरुस्तीकाकांचा पत्ता आहे. काका, समिती बोलावण्याआधी एकटेच बसा आणि मला उलटं करून बघा. डागाखाली एकच ओळ आहे, तारीख आणि सहीसकट.

‘आजोबांसाठी भाकर मी मोडली.’

तेवढ्या ओळीला दुरुस्ती सुचवू नका.