चारची एक

अमडापुरात माझं कृषी केंद्र आहे. पंचवीस वर्षं कपाशीचं बियाणं आणि फवारणीची औषधं विकतोय, त्यामुळे न विचारता सल्ला द्यायची खोड लागली आहे. कुणी विचारलं तर मग बघायलाच नको.

माणिकराव माझे जुने गिऱ्हाईक. त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला. औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी रोज चार गोळ्या लावल्या आणि माणूस चार-सहा महिन्यांत पुन्हा बांधावर दिसू लागला. मग छातीत बुरशी निघाली. बाईंनी बुरशीचं औषध सुरू केलं आणि त्याच दिवशी कॅन्सरच्या चार गोळ्यांची एक केली. तसं कागदावर लिहूनही दिलं. तो कागद घेऊन माणिकराव थेट माझ्या दुकानात आले.

"नजीरभाऊ, चारची एक काऊन केली असंन? बाई चुकली त नाही?"

मी कागद वाचला. चष्मा पुसून परत वाचला. काही कळलं नाही. तरी बोललो.

"माणिकराव, आपल्या बीटी कपाशीचं काय झालं? विष कमी पडलं अन् गुलाबी अळी ते पचवाले शिकली. अर्धा डोस देनं म्हंजे अळीले खुराक. मी असतो त चारच घेतल्या असत्या."

"हाव, मलेबी तसंच वाटे," म्हणत ते खुशीत गेले. मीही खुशीत चहा मागवला.

नवव्या दिवशी ते दवाखान्यात. हिरड्यांतून रक्त, अंगात ताप, रक्तातल्या पेशी पार तळाला. मी भेटायला गेलो तेव्हा बाई खाटेशीच उभ्या होत्या.

"गोळ्या किती घेत होता?"

"एकच," माणिकराव छताकडे बघत म्हणाले.

बाई विचारात पडल्या. "बुरशीचं औषध त्या गोळीला लिव्हरमध्ये मोडूच देत नाही. ती अंगात साचते, एकच चारचं काम करते. म्हणून तर कमी केली. पण एकीनं एवढं व्हायला नको. म्हणजे आजार उलटला असणार. गोळी चालू ठेवू, उद्या तपासणी करू."

माणिकराव माझ्याकडे बघून मान हलवत होते, बोलू नका म्हणून.

"चार," मी म्हणालो. "रोज चार घेत होते."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच सांगतलं होतं."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. बियाणं विकतो."

माणिकराव उसळलेच. "काऊन बोलले तुमी? आता बाई तक्रार करतीन, तुमच्या दुकानाले कुलूप लागन!"

ओठावर रक्त वाळलेलं, आणि हा माणूस माझं दुकान वाचवत होता. मला तिथंच रडू फुटलं. बाईंनी आधी गोळी बंद केली, वेळेत कळलं म्हणाल्या, आणि मग नर्सला माझ्यासाठी खुर्ची आणायला सांगितली.