विमानाखालची खोटी पाटी

माझ्या पायाशी संगमरवरी पाटी आहे : 'शत्रूचे रणगाडे उद्ध्वस्त करणारे लढाऊ विमान.' वाचली असेल तर विसरून जा. मी जन्मात एक गोळी झाडलेली नाही. मी आभाळात तेल पाजणारं विमान आहे, आणि आज पाटीच्या वरून बोलतोय.

आमचं स्क्वाड्रन म्हणजे निम्मं हमाल आणि निम्मी दाई. कधी तंबू, बटाटे आणि रजेवरून परतणारे जवान पोटात घालून डोंगरात पोचवायचे. कधी उडता उडता लढाऊ विमानांना तेल पाजायचं. दोन पंखांखाली एकेक नळी, तिसरी शेपटीजवळ. तिघं एकदम येऊन वासरांसारखे लागायचे आणि पोट भरलं की मागं न बघता निघून जायचे. हार त्यांच्या गळ्यात पडायचे. फोटोत आम्ही कधी नसायचो, कारण फोटोवाल्याला वर घेऊन जायचो ते आम्हीच.

पण आमच्यात एक नियम होता, त्याचा मला अजून गर्व आहे. ज्याची टाकी सगळ्यात रिकामी, तो पहिला. हुद्दा नंतर.

माझ्या शेपटीत मागं तोंड करून कडूबा बसायचा. कोण कधी नळीला लागेल, ते तो ठरवायचा. गंगापूरकडच्या मेंढपाळाच्या घरातला तो. त्याला हा नियम शिकवावा लागला नाही. मेंढरं पाजतानाही दमलेलं कोकरू आधी पुढं घ्यायचं असतं, असं तो म्हणे. एकदा त्यानं बड्या साहेबाला एका नवख्या पायलटच्या मागं ताटकळत ठेवलं होतं. साहेब खाली उतरल्यावर भडकले, मग दोघांच्या टाक्यांचा हिशोब बघून त्यावर सही करून गेले.

माझं वय झालं. तुकडे करून मला ट्रेलरवर लादलं आणि गंगापूरच्या रस्त्यावर या चौकात पुन्हा जोडलं. तेव्हा इथं ज्वारी होती. आता दोन्ही बाजूंना टॉवर आणि मागं वस्ती आहे. कडूबाही निवृत्त झाला होता. पेन्शन असूनही त्यानं इथली वॉचमनची नोकरी धरली, केवळ माझ्याजवळ बसायला मिळावं म्हणून. रोज सकाळी चाकावर हात ठेवून विचारायचा, "बरं हाय ना?" मला तेवढं पुरायचं.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. टॉवरवाल्यांच्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येई. वस्तीला नळच नव्हता, दिवसाआड टँकर होता. माझ्याभोवतीच्या हिरवळीला मात्र रोज टँकर. चौक सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष बिभीषणराव सांगत, की पाटीच्या अनावरणाला मोठे पाहुणे येणार आहेत आणि हिरवळ पिवळी दिसली तर शहराची अब्रू जाईल. हे लढाऊ विमान नाही, असं कडूबानं त्यांना सांगून पाहिलं. अक्षरं कोरून झाली आहेत, असं उत्तर मिळालं.

अनावरण जवळ आलं तशा हिरवळीला दोन खेपा लागू लागल्या. दुसरी खेप अर्थातच वस्तीची होती. चार दिवस वस्तीत टँकर गेला नाही.

अनावरणाच्या आदल्या सकाळी हिरवळीचा छोटा टँकर आला. ड्रायव्हर मोतीराम नळी कडूबाच्या हातात देऊन रोजच्यासारखा चहाला गेला. तेवढ्यात वस्तीतली द्वारकाबाई घागर घेऊन उभी राहिली आणि तिच्यामागं अख्खी वस्ती. हिरवळीचं पाणी कुणाला दिलं तर नोकरी जाईल, अशी कडूबाला ताकीद होती. त्यानं घागरींकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटतं, त्यानं परवानगी मागितली. मी दिली.

त्यानं तीन रांगा लावल्या. एक डाव्या पंखाखाली, एक उजव्या, एक शेपटीशी. नळी एकच होती, ती तो फिरवणार होता.

"कुणाचं पाणी सगळ्यात आधी संपलं?" त्यानं विचारलं.

द्वारकाबाईची घागर नळीखालीच होती. तिनं ती उचलून बाजूला घेतली. "माझं काल संपलं. साळूबाईचं परवाच. घरात बाळंतीण हाय तिच्या. तिला द्या आधी."

बेचाळीस घागरी भरल्या आणि टँकर रिकामा झाला. एक थेंब सांडला नाही. इतक्या वर्षांनी माझ्या पंखांखाली पुन्हा कुणीतरी तहान भागवत होतं, आणि मी किती सुखावलो ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी, पाण्याविना उन्हात पिवळ्या पडलेल्या हिरवळीवर समितीनं गुलमंडीच्या बाजारातून आणलेला हिरवा गालिचा अंथरला. दुष्काळातही शहरानं निसर्ग जपला म्हणून पाहुण्यांनी पाठ थोपटली. संध्याकाळी कडूबाच्या हातात कागद पडला. कारण लिहिलं होतं : पाण्याची नासाडी. त्यानं माझ्या चाकावर हात ठेवला. काही विचारलं नाही. मग तो गेला.

गालिचा अजून आहे, विटलेला. वस्तीतल्या शेळ्या येतात, हुंगतात आणि निघून जातात. त्यांना फसवणं पाहुण्यांइतकं सोपं नाही. नवा वॉचमन माझ्याशी बोलत नाही.

आता समिती आमच्या स्क्वाड्रनचा इतिहास कोरणार आहे म्हणे. रणगाडे हवे तेवढे घाला, माझी तक्रार नाही. फक्त शेवटी एक ओळ राहू द्या : शेवटची कामगिरी याच चौकात, बेचाळीस घागरी, नळीवर कडूबा. आणि दगडावर जागा उरलीच, तर क्रमही लिहा. पहिली साळूबाई.